गुलछडीला मलमाचा वास येतो, येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत परफ्यूमवर अख्खं पान आलं होतं. लेख छान, फोटो त्याहून छान, पण खाली जो दोन रकान्यांचा तक्ता दिलाय ना, डावीकडे 'तिच्यासाठी' म्हणून गुलाब, मोगरा, निशिगंध आणि उजवीकडे 'त्याच्यासाठी' म्हणून मिरी, लवंग, दालचिनी, वेलची, तो वाचून आमच्याकडे सकाळच्या चहाला चांगलाच हशा झाला. कारण आमच्या घरात बरोब्बर उलटं आहे. निशिगंध, म्हणजेच गुलछडी, नवरा लावतो आणि लवंग-मिरी मी. सात-आठ वर्षं असंच चाललंय आणि संसाराला अजून तरी काही झालेलं नाही.

म्हणून हे पत्र. लांबलंय, माहितीये, काटछाट करायची तर करा पण गुलछडीचा भाग तेवढा ठेवा.

मी दातांची डॉक्टर. डोंबिवलीत दवाखाना, पंचवीस वर्षं होऊन गेली. त्यामुळे लवंगेचा वास हा माझ्यासाठी मसाल्याचा वास नाहीच मुळी, तो कामाचा वास आहे. दाढेत टेम्पररी सिमेंट भरायचं असलं की काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घ्यायची, शेजारी युजेनॉलचे दोन-चार थेंब टाकायचे आणि थोडी थोडी पूड त्यात ओढत स्पॅट्युलाने घोटत राहायचं, गोळा घट्ट होईपर्यंत. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य ऐवज, दाढ दुखली की आजी लवंग दाताखाली धरायला सांगायची ती ह्याच्याच जिवावर. तो वास ॲप्रनला बसतो, केसांना बसतो, पर्समधल्या नोटांनासुद्धा बसतो. लहान पोरं तर दारातच त्या वासाने ओळखतात की आपल्याला कुठे आणलंय, आणि तिथूनच रडारड सुरू.

अशा बाईला कोणी सांगितलं असतं की तू पैसे मोजून लवंगेचं परफ्यूम घेशील तर मी त्यालाच खुर्चीत बसवून तपासलं असतं.

झालं असं की २०१८ साली आम्ही दोघं पॅरिसला गेलो, ग्रुप टूरबरोबर. एक दुपार शॉपिंगला मोकळी होती, बाकीची मंडळी मोठ्या दुकानात बॅगा बघायला गेली आणि आम्ही चालत चालत पॅले रोयालच्या बागेत पोचलो. कमानींखाली दुकानांची रांग आहे तिथे, त्यात एक काळोखं जांभळं परफ्यूमचं दुकान, सर्ज ल्युटन्स यांचं. आत गेलो ते खरं सांगायचं तर पाय दुखत होते म्हणून. आत देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता, घंटेच्या आकाराच्या काचेच्या बाटल्या आणि काळ्या कपड्यातली एक बाई. तिने कागदाची पट्टी फवारून नवऱ्याच्या हातात दिली. ह्याने ती नाकाशी नेली, एकदम मान मागे घेतली आणि मराठीत म्हणाला, "अगं, हे तर गुडघ्याला चोळायचं मलम आहे!"

मी हुंगलं. खरंच की. थंडगार, झोंबणारा, बामाचा वास, त्यात थोडा पेट्रोलचा आणि रबराचा. ती बाई गालात हसत होती, तिला सवय असणार. म्हणाली थांबा. आम्ही बागेत जाऊन बाकावर बसलो, दहा मिनिटांनी तीच पट्टी पुन्हा नाकाशी धरली आणि... कसं सांगू, लग्नघर. मांडवात संध्याकाळी निशिगंधाचे हार टांगलेत, पाणी मारलंय, उकाडा आहे, हार जरासे सुकायला लागलेत, तो वास. परफ्यूमचं नाव 'त्युबेरूझ क्रिमिनेल', १९९९ चं, क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी बनवलेलं. नवऱ्याने तिथल्या तिथे मराठी केलं, 'गुन्हेगार गुलछडी'. आमच्याकडे अजून हेच नाव चालतं.

हॉटेलवर आल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला की मलमाचा वास फुलात टाकला कशाला. मग वाचत गेले. तर कोणी टाकलेला नाही, तो फुलातच आहे. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे आपल्या गंधपुरा तेलातला जो मुख्य घटक, मुरगळलेल्या पायाच्या मलमात असतो तोच. आपण फूल हुंगतो तेव्हा तो बाकीच्या गोडव्यात लपून जातो, ह्या माणसाने काय केलं तर तो बाहेर काढून दारातच उभा केला. आधी ह्याला भेटा, मग आत या. पुढच्या वेळी निशिगंधाची ताजी दांडी मिळाली की डोळे मिटून नीट हुंगून बघा, थंडावा जाणवेल. एकदा कळलं की मग दर वेळी जाणवतो.

आणि हे सगळ्याच फुलांचं आहे. मोगऱ्यात, जाईत इंडोल असतं, ते एकटं बाटलीत घेतलं तर डांबरगोळ्यांसारखं आणि जास्त झालं तर सरळ संडासासारखं घाण मारतं, पण ते काढून टाकलं तर मोगरा मोगरा राहतच नाही, साबण होतो. रात्रभर उशीपाशी ठेवलेला गजरा सकाळी जो वास देतो, करपट गोड, किंचित सडका, तो त्याचाच. मॉलमध्ये 'जस्मिन' म्हणून मिळतं त्यातल्या बहुतेकांत हे गाळलेलं असतं आणि म्हणूनच ती सगळी एकसारखी धुतलेल्या टॉवेलसारखी वाटतात. माझं आपलं मत.

आता मसाल्याकडे येते, कारण तक्त्यावर माझा खरा राग तिथे आहे. लवंग म्हणजे काय हो? न उमललेली कळी. झाडावर उमलायच्या आत खुडून वाळवलेलं फूल. केशर म्हणजे फुलाच्या आतले तंतू. आणि उलट बघा, गुलाबाच्या तेलात थोडं युजेनॉल असतंच, कार्नेशन नावाचं फूल, बुकेमध्ये असतं ते झालरवालं, त्याचा वास तर उघड उघड लवंगेचाच, आणि आमच्या गुन्हेगार गुलछडीतसुद्धा युजेनॉलची चुलत भावंडं निघतात. म्हणजे तुम्ही मधे रेघ मारून ज्यांना दोन रकान्यांत बसवलंत ती एकाच घरातली माणसं आहेत.

माझी स्वतःची आवड सुरू झाली ती 'न्वार एपिस'पासून. भाचा पॅरिसला नोकरीला आहे, त्याने येताना दोन-दोन मिलीच्या सात-आठ कुप्या आणल्या होत्या फ्रेडरिक माल यांच्या दुकानातल्या. ह्या माल यांनी २००० साली हे परफ्यूमचं घर, म्हणजे कंपनी, सुरू केलं आणि बाटलीवर परफ्यूम बनवणाऱ्याचं नाव छापायला लागले, पुस्तकावर लेखकाचं असतं तसं. तोपर्यंत बाटलीवर नाव असायचं कपड्यांच्या डिझायनरचं नाहीतर एखाद्या नटीचं, आणि बिचारा बनवणारा कुठेच नाही. निश म्हणतात ते साधारण ह्यालाच, छोटी घरं, जाहिरात कमी, आणि सगळ्यांना आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही. तर 'न्वार एपिस' मिशेल रूदनित्स्का यांचं. मनगटावर लावलं आणि पहिल्या झटक्याला मला हसूच आलं, माझा दवाखाना! पण लगेच मागून संत्र्याची साल आली, उन्हात वाळवलेली, मग जायफळ, दालचिनी, मिरी, आणि त्या सगळ्यांच्या मधे एक गुलाब पण अजिबात न लाजणारा, कोरडा, पाकळ्या चुरगळल्यासारखा. गोडवा जवळजवळ नाहीच. व्हॅनिला नाही, साखर नाही. मसाल्याचा स्टीलचा डबा उघडल्यावर वासाच्या आधी धातूचा एक गारवा येतो बघा, अगदी तसा. पंचवीस वर्षं ज्या वासाने मला फक्त काम आठवायचं तो पहिल्यांदा नुसता वास म्हणून समोर आला.

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आज इमर्जन्सी होती का कोणाची?" तर असो.

एकदा मात्र फसले. 'कॉम दे गार्सां' ह्या जपानी फॅशन कंपनीचं पहिलं परफ्यूम आहे १९९४ चं, मार्क बक्सटन यांनी केलेलं, त्यात लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, धणे, मिरी, सगळा बाजार. अफाट आहे. ते मी तीन फवारे मारून सकाळची आठ बावीस पकडली, जून महिना, पाऊस आत येतोय म्हणून खिडक्या बंद, लेडीज डब्यात श्वास घ्यायला जागा नाही. मुंब्र्याच्या आसपास मागून एक आवाज आला, "कोणी बिर्याणी आणलीये का गं?" आणि मग डबाभर चर्चा, कोण म्हणे बिर्याणी नाही शाही पुलाव, कोण म्हणे आमच्याकडे वेलची नाही घालत. मी ठाण्यापर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होते. तेव्हापासून नियम, ट्रेनने जायचं असेल तर एकच फवारा आणि तोही ड्रेसच्या आत.

जिऱ्याचा एक किस्सा सांगते. अँडी टॉअर म्हणून झुरिकचे एक केमिस्ट, स्वतःच्या हिमतीवर परफ्यूम बनवायला लागले, त्यांचं २००५ चं 'लेअर द्यू देझेर मारोकँ', म्हणजे मोरोक्कोच्या वाळवंटाची हवा. सुरुवातीला धणे-जिरे स्पष्ट येतात. ह्याच्याबद्दल, किंवा जिरं असलेल्या कुठल्याही परफ्यूमबद्दल, युरोप-अमेरिकेतली मंडळी काय लिहितात वाचा, निम्म्यांना त्यात घामेजलेली काख दिसते. मला काही केल्या ती दिसेना. मला दिसतं कोरड्या कढईत जिरं भाजताना ते तपकिरी होऊन पहिला धूर निघतो तो क्षण, आणि मग दुपारचं ऊन, धूप, देवदारासारखं लाकूड. नाक एकच पण आठवणी वेगळ्या. तरी प्रामाणिकपणे सांगते, मे महिन्यात डोंबिवलीत हे परफ्यूम लावून रिक्षात बसले होते तेव्हा चौकात पोचेपर्यंत मला काख म्हणजे काय तेही कळलं. आपल्या उकाड्यात जिरं जपून.

दगडफुलाचं तर विचारूच नका. गोडा मसाला करताना खोबरं, तीळ, धणे भाजून होतात आणि मग चमचाभर तेलात दगडफूल टाकलं की घरभर जो ओल्या झाडाच्या सालीचा, मातीचा, किंचित कडसर वास सुटतो, तसाच वास फ्रेंच परफ्यूममध्ये शंभर वर्षं पाया म्हणून वापरत आलेत. त्यांचं ते ओकच्या झाडावरचं शेवाळ म्हणतात ते, ओकमॉस, खरं म्हणजे शेवाळ नाही, आपल्या दगडफुलाच्याच जातीचं लायकेन. त्यातल्या दोन घटकांनी त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपने त्यांच्यावर २०१७ च्या नियमाने बंदीच घातली, आता ते घटक काढून टाकलेलं ओकमॉस वापरतात आणि जुने शौकीन हळहळत बसतात. कनौजला शमामा नावाचं अत्तर काढतात, ढीगभर मसाले आणि वनस्पती देगमध्ये घालून दिवसचे दिवस, त्यातही दगडफूल असतंच, तिकडे त्याला छडीला म्हणतात. सासूबाईंना मी शमामाचा फाया हुंगायला दिला तर म्हणाल्या, "अगं, हा तर मसाला करपलाय." नंतर तोच फाया उशीखाली घेऊन झोपल्या.

आता नवऱ्याबद्दल. हा बँकेत नोकरीला, मिशी आहे, क्रिकेट बघतो, भाजी आणतो, अगदी तुमच्या उजव्या रकान्यातला माणूस. ह्याला लागतो निशिगंध. गुन्हेगार गुलछडीनंतर दोमिनिक रोपिओं यांचं २००५ चं 'कार्नल फ्लॉवर' हाती लागलं आणि तिथेच ह्याचा शोध थांबला. ते मलमवालं नाही इतकं, ते हिरवं आहे, आधी निलगिरीच्या पानांसारखं गार, मग देठ कापल्यावर येतो तसा कच्चा पाणीदार वास, थोडं खोबरं, आणि मग फूल, फूल आणि फूल, रात्री अकरापर्यंत. ऑफिसला जाताना गळ्यापाशी एक थेंब. पहिल्या दिवशी कोणीतरी विचारलं म्हणे, साहेब आज घरी सत्यनारायण आहे का? दुसऱ्या दिवशी हळूच नाव विचारलं.

असा माणूस ठाण्याच्या एका मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरवर उभा राहिला आणि एका फुलांच्या बाटलीकडे बोट दाखवलं, तर काउंटरवरचा मुलगा पट्टीच देईना. "सर, वो लेडीज है." हा म्हणाला माहितीये, दे. "सर, जेंट्स इधर." असं तीनदा झालं. शेवटी मी पट्टी मागितली, मला लगेच मिळाली, मी ती नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याच्यासमोरच मिरीवाली जेंट्स बाटली उचलून माझ्या मनगटावर मारली. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याचा दोष नाही म्हणा, त्याला ट्रेनिंगमध्ये बहुतेक तुमच्यासारखाच तक्ता दिला असणार.

आणि हे काही फार जुनं नाही हो. माझे आजोबा, सांगलीकडचे, शेतकरी माणूस, लग्नाला जायचं म्हटलं की कानाच्या पाळीमागे नाही, कानाच्या आतल्या वळणात अत्तराचा फाया, हिना किंवा गुलाब. लग्नात दारातच अत्तरदाणी घेऊन कोणीतरी उभं असायचं, प्रत्येकाच्या मनगटाच्या मागच्या बाजूला अत्तर लावायचं आणि गुलाबपाणी शिंपडायचं, त्यात बायकांना गुलाब आणि पुरुषांना लवंग असं कोणी बघितलंय का? आजही मोहम्मद अली रोडला अत्तराच्या दुकानात जाऊन बसा, धिप्पाड माणसं येतात आणि मोगरा मागतात, गुलाब मागतात, केवडा मागतात, दुकानदार काचेची काडी हातावर ओढतो आणि विषय संपला. माल यांच्याच घरातलं रोपिओंचं २०१० चं एक गुलाबाचं परफ्यूम आहे, लवंग-दालचिनी-पॅचौली-धूप असं भरभक्कम, नावात चक्क 'लेडी' आहे आणि जगभरात पुरुष ते हौसेने लावतात. मला स्वतःला ते फार झेपत नाही, खोलीत माझ्या आधी ते शिरतं. भाच्याला देऊन टाकलं.

देवबाभूळ राहिलीच. पिवळे गोंड्यासारखे बारके गोल असतात ना, काटेरी झुडूप, माळावर असतं, कोणी ढुंकून बघत नाही. त्याच झाडाला फ्रान्समध्ये कासी म्हणतात आणि परफ्यूमसाठी मुद्दाम लावत आलेत. 'ऊन फ्लर द कासी' हे परफ्यूम त्याचंच. मधासारखं, पावडरसारखं आणि मधेच एकदम अंगाचा, कातडीचा वास. मला ते कधी सुंदर वाटतं, कधी शिसारी येते, एकाच दिवसात दोन्ही झालंय. गावी गेले तेव्हा आजोबांच्या बांधावरची देवबाभूळ शोधून हुंगून आले, काटा लागला, पण वास तोच होता.

पैशाचं म्हणाल तर हे प्रकरण परवडणारं नाही हे कबूल. असल्या मोठ्या बाटल्या वीस हजारांच्या पुढेच जातात, आमच्या घरात पूर्ण बाटली एकच आहे आणि तीही पंचविसाव्या लग्नाच्या वाढदिवसाची. बाकी सगळ्या दोन-पाच मिलीच्या कुप्या, फ्रीजच्या दारात औषधांच्या शेजारी. वाचकांना सांगायचं तर न हुंगता बाटली मागवू नका, आणि कागदावर हुंगून तर अजिबात ठरवू नका, हातावर लावा आणि तास-दोन तास जाऊ द्या. दुसरं, डॉक्टर म्हणून सांगते, युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमल ह्यांनी काहींच्या त्वचेला खाज-पुरळ येतं, युरोपच्या नियमाने खोक्यावर बारीक अक्षरात ही नावं छापावी लागतात ती वाचा, आधी कोपराच्या आत थोडंसं लावून दोन दिवस बघा. माझ्याकडे अशा पेशंट आहेत ज्यांना सिमेंटमधलं युजेनॉलसुद्धा चालत नाही.

तर तक्त्याचं काय ते बघा तुम्ही. मला वाटतं मधली रेघ खोडली तरी पुरे.

परवा गुरुवार होता म्हणून आम्ही दादरला फुलबाजारात गेलो होतो. नवरा निशिगंधाच्या दांड्यांपाशी थांबला. फुलवालीने ताज्या जुड्या पुढे केल्या, कळ्या घट्ट मिटलेल्या, हिरवट. ह्याने खाली बादलीत बाजूला ठेवलेली एक जुडी उचलली, फुलं पूर्ण उमललेली, कडा किंचित तपकिरी. ती म्हणाली, "दादा, ती कालची आहे, वास जरा उग्र मारतोय तिला."

"मग तीच द्या," हा म्हणाला. अर्ध्या पैशात मिळाली.

आपली,
एक दंतवैद्य, डोंबिवली